सेन्सरच्या चालू डेटावरून शिकवताना: प्रश्नापासून निष्कर्षापर्यंतचा क्रम

शाळेत सेन्सर बसतो, पडद्यावर रेषा हलू लागते, पहिल्या दिवशी सगळा वर्ग भोवती गोळा होतो आणि दुसऱ्या आठवड्यात तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. यंत्र चालू असतं, आकडे साठत असतात, पण मुलांना आकडे हाताळता येत नाहीत ते नाहीतच. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं: क्रम उलटा झालेला असतो. आधी खरेदी, मग डॅशबोर्ड, आणि 'यातून शिकवायचं काय?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

पुढचा क्रम साधारण ११ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. चार-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाला एक सेन्सर, आणि आठ-दहा तासिका धरा. चौथा आणि सातवा टप्पा वेळखाऊ वाटतात म्हणून गाळले जातात, आणि नेमकं तिथेच सगळं बिघडतं.

## टप्पा १: आधी प्रश्न, तोही छोटा

'आपल्या शाळेतली हवा कशी आहे?' हा प्रश्न घेऊ नका. तो कधीच संपत नाही आणि कुठल्याच आकड्याने सुटत नाही. त्याऐवजी: 'दारं-खिडक्या बंद असताना तास सुरू झाल्यापासून किती मिनिटांत कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) ओलांडतो?' किंवा 'वरच्या मजल्यावरची खोली दुपारी खालच्या खोलीपेक्षा किती अंशांनी तापते?' मुलांना स्वतः काहीतरी बदलता येईल (खिडकी, पंखा, जागा) असा प्रश्न सगळ्यात चांगला.

प्रश्न ठरला की यंत्र हातात देण्याआधी प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्या. अंदाज आकड्यातच हवा, 'वाढेल' एवढं पुरत नाही. दिवसभराची रेषा कशी दिसेल तेही कोऱ्या आलेखकागदावर काढून घ्या. हे कागद जपून ठेवा, आठव्या टप्प्यात लागतील.

तपासा: प्रश्नात काय मोजायचं, कुठे, किती काळ आणि कशाशी तुलना करायची, या चारही गोष्टी आल्या आहेत का?

## टप्पा २: प्रश्नाला पुरेल असा सेन्सर

तापमान, आर्द्रता, हवेचा दाब: बीएमई२८० पुरेसा आहे. मात्र या नावाने विकल्या जाणाऱ्या काही छोट्या सर्किट-पट्ट्यांवर प्रत्यक्षात बीएमपी२८० असतो. तो आर्द्रता मोजतच नाही. चिपचा ओळखक्रमांक वाचणारा छोटा प्रोग्राम चालवा: हेक्समध्ये (सोळाच्या आधाराने लिहिलेल्या अंकांत) ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. दाबाचा आकडा हवामानवृत्तातल्या आकड्यापेक्षा कमी आला, तर सेन्सर बिघडला असं धरू नका. हवामानवृत्तातला दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो, तुमचा सेन्सर असेल त्या उंचीवरचा दाब दाखवतो.

कार्बन डायऑक्साइड: एससीडी४१ सारखा, हा वायू प्रकाशाच्या शोषणावरून खरोखर मोजणारा सेन्सर घ्या. स्वस्त पर्याय म्हणून एमक्यू-१३५, सीसीएस८११ किंवा एसजीपी३० सुचवले जातात. ते दुसऱ्या वायूंवरून कार्बन डायऑक्साइडचा केवळ अंदाज बांधतात. कोणी हाताला सॅनिटायझर लावला की आकडा हजारांत उडी मारतो आणि मुलं त्यावरून 'वर्ग कोंदट आहे' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात.

धूलिकण: पीएमएस५००३ ला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो, पण त्याच्या संदेशाच्या तारा ३.३ व्होल्टच्या आहेत. झोपेतून जागा केल्यावर पहिली ३० सेकंदं आकडे घेऊ नका, पंख्याला स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. हवा फार दमट असेल तेव्हा कण पाणी धरून फुगतात आणि आकडा फुगवून येतो, म्हणून धुळीबरोबर आर्द्रताही नोंदवा.

पाणी किंवा माती यांचं तापमान: जलरोधक नळीतला डीएस१८बी२०. डेटाची तार आणि पुरवठा यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोध विसरू नका.

हे सगळं वाचायला ईएसपी३२ हा प्रोग्राम भरता येणारा, वाय-फाय असलेला छोटा बोर्ड चालतो. त्याचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. शिवाय वाय-फाय चालू असताना त्याच्या दुसऱ्या अॅनालॉग गटातल्या पिना वाचता येत नाहीत. मातीच्या ओलाव्याचा अॅनालॉग सेन्सर तिथे जोडला, तर टेबलावर बिनचूक चालणारं यंत्र नेटवर्कला जोडताच बंद पडतं.

## टप्पा ३: जोडणी आणि पहिली आकड्यांची ओळ

जोडणी एका तासिकेत उरकावी. हा इलेक्ट्रॉनिक्सचा तास नव्हे. सेन्सर जोडा, बोर्ड संगणकाला लावा आणि सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) कच्चे आकडे ओळीने येऊ द्या. डॅशबोर्ड अजून नको. हिरवे-लाल गोल काटे दिसले की मुलं रंग वाचतात, आकडा वाचत नाहीत.

दहा मिनिटं ओळी नुसत्या पाहू द्या. कोणीही काही करत नसताना शेवटचा अंक सतत का हलतो, हा पहिला खरा धडा आहे. मग सेन्सर मुठीत धरायला सांगा: आकडा लगेच चढतो की हळूहळू, आणि हात काढल्यावर खाली यायला किती वेळ घेतो ते घड्याळ लावून मोजा. हा प्रतिसादकाळ पुढे मोजणीचं अंतर ठरवताना उपयोगी पडतो.

सावध: सेन्सर आणि ईएसपी३२ एकाच बंद डबीत ठेवू नका. बोर्डाच्या उष्णतेने तापमान सहज अंश-दोन अंश जास्त येतं आणि त्यामुळे सापेक्ष आर्द्रताही खोटीच कमी दिसते. सेन्सर १०-१५ सेंटीमीटर तारेने बाहेर काढा.

## टप्पा ४: सगळे सेन्सर एका टेबलावर

वेगवेगळ्या जागी नेण्याआधी सगळ्या गटांचे सेन्सर एकाच टेबलावर, ऊन आणि पंखा टाळून, वीतभर अंतरावर ठेवा. दर मिनिटाला एक नोंद, सलग २४ तास. एवढं केलं नाही, तर नंतर दोन खोल्यांतला फरक खोल्यांचा आहे की सेन्सरांचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना दिसतं की पाच सेन्सर पाच आकडे सांगताहेत. 'यातला बरोबर कोणता?' असं विचारलं जाणारच. बीएमई२८० च्या तापमानाला उत्पादकाने ±१ अंशाची मुभा दिलेली आहे. म्हणजे एकाच टेबलावरचे दोन सेन्सर २ अंशांनी वेगळे असूनही दोघेही आपापल्या कागदपत्रांप्रमाणे ठीकच असतात. हे फळ्यावर लिहा आणि थोडा वेळ तसंच राहू द्या. मोजमापातली अनिश्चितता समजावायला याहून सोपी जागा मिळत नाही.

आता काम असं:

1. प्रत्येक मिनिटाला पाचही सेन्सरांच्या आकड्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. सरासरी नको, कारण एखादा बिघडलेला सेन्सर ते ओढून नेतो.
2. प्रत्येक सेन्सरचा या मध्यकापासूनचा फरक काढा आणि त्या फरकाचा वेळेप्रमाणे आलेख काढा.
3. फरकाची रेषा सपाट असेल (समजा, कायम ०.७ अंश वर), तर तेवढा आकडा वजा करायचा. ही त्या सेन्सरची दुरुस्ती. ती लिहून सेन्सरच्या पट्टीवर चिकटवून ठेवा.
4. रेषा तापमानाबरोबर वर-खाली होत असेल, तर एक आकडा वजा करून भागणार नाही. त्या सेन्सरची जागा बदलून, तार तपासून चाचणी पुन्हा घ्या किंवा तो तुलनेतून वगळा.
5. दुरुस्तीनंतरही सेन्सरांमध्ये किती फरक उरतो ते लिहा. समजा ०.३ अंश उरला, तर यापुढे दोन जागांत ०.३ पेक्षा कमी फरक दिसल्यास 'फरक सांगता येत नाही' हेच उत्तर.

चाचणीच्या काळात खोलीचं तापमान जवळपास स्थिर राहिलं, तर तिसरी आणि चौथी पायरी फसवी ठरते. टेबल तासभर एखाद्या गार किंवा उबदार खोलीत नेऊन मग निर्णय घ्या.

कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरची तऱ्हा वेगळी आहे. एससीडी४१ मध्ये आपोआप होणारं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या हवेशी आकडा जुळवून घेणं) मुळातच चालू असतं. आठवड्यातून एकदा तरी आपल्याला ताजी हवा मिळते असं तो गृहीत धरतो आणि तिथे आपला तळ लावतो. संध्याकाळी वर्ग बंद करताना प्लग काढला, तर रिकाम्या खोलीची हवा त्याला कधी मिळतच नाही. तो गजबजलेल्या वर्गालाच ताजी हवा समजू लागतो आणि हळूहळू कमी आकडे दाखवतो. त्याचा प्लग काढायचा नाही, रात्रीही नाही, सुटीतही नाही.

तपासा: सेन्सर उघड्यावर दहा मिनिटं ठेवा. मोकळ्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या आसपास यायला हवा. या सेन्सरची मुभाच किमान ±५० पीपीएम आहे, तेव्हा ३८० किंवा ४६० आला तर घाबरू नका. ६०० आला, तर मोकळ्या हवेतच कॅलिब्रेशनची आज्ञा देऊन पुन्हा पाहा.

## टप्पा ५: जागा

वर्गात सेन्सर बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीला हवा. खिडकी आणि दार यांपासून किमान मीटरभर, कोणाच्याही तोंडासमोर नाही, ऊन येणाऱ्या भिंतीवर नाही, प्रोजेक्टरच्या झोताजवळ नाही. भिंतीला अगदी चिकटवला तर तो हवेपेक्षा भिंतीचंच तापमान सांगू लागतो, म्हणून मध्ये दोन-तीन सेंटीमीटर फट ठेवा.

बाहेरच्या तापमानासाठी पांढरं, हवा खेळती राहील असं छत्र लागतं आणि जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंची. उघड्या उन्हातला सेन्सर हवा मोजत नाही, स्वतः किती तापला ते मोजतो.

जागेचा फोटो काढा, उंची आणि अंतरं लिहा. साफसफाई करताना कोणी सेन्सर हलवला, तर फोटोशिवाय ते कळणार नाही.

## टप्पा ६: नोंद ठेवणं

मोजणीचं अंतर प्रश्नावरून ठरवा. कार्बन डायऑक्साइडला १ मिनिट, बाहेरच्या तापमानाला ५ मिनिटं, मातीच्या ओलाव्याला १५ ते ३० मिनिटं. दर मिनिटाला एक नोंद म्हणजे दिवसाला १४४० आणि आठवड्याला १०,०८० ओळी. स्प्रेडशीटला हे जड नाही, मुलांना मात्र हाताने पाहता येत नाही इतकं आहे, आणि तेच हवं. सूत्र वापरायची गरज त्यांना इथे पहिल्यांदा पटते. दर सेकंदाला नोंद घेण्याचा मोह टाळा. प्रतिसादाला मिनिट घेणाऱ्या सेन्सरकडून साठ ओळी घेतल्या म्हणून माहिती साठपट होत नाही.

चुका बहुतेक या चार जागी होतात:

- वेळ. अनेक सेवा वेळ युटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतात. स्थानिक वेळेत बदलायला विसरलं की दुपारची उष्णता भलत्याच तासाला दिसते. युटीसीचा रकाना राहू द्या आणि शेजारी स्थानिक वेळेचा दुसरा बनवा. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. ०३/०४ हे मार्चमधलं की एप्रिलमधलं, ते स्प्रेडशीट स्वतःच्या मनाने ठरवते.
- न आलेली नोंद. सेन्सरने उत्तर दिलं नाही तर प्रोग्रामने रकाना रिकामा सोडावा, शून्य कधीही लिहू नये. डीएस१८बी२० ची तार निसटली की प्रचलित लायब्ररी −१२७ देते आणि मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर ८५ येतं. बारा नोंदींत अकरा वेळा २६ आणि एकदा −१२७ आलं, तर सरासरी १३.२५ येते. मध्यक २६ च राहतो. हे उदाहरण मुलांकडून सोडवून घ्या.
- नेटवर्क. लॉगिनचं पान उघडणाऱ्या वाय-फायवर ईएसपी३२ अडकतो. नेटवर्क असो-नसो, प्रत्येक नोंद एसडी कार्डवरही जाऊ द्या आणि प्रत्येक ओळीनंतर फाइल जतन करा, नाहीतर वीज जाताच शेवटचा तुकडा जातो. नेटशिवाय वेळ सांभाळायला डीएस३२३१ घड्याळ जोडा.
- वीज. झोपत-उठत चालणारा बोर्ड इतका कमी प्रवाह घेतो की बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलं नाही' असं समजून बंद होतात. साधा मोबाइल चार्जर बरा.

## टप्पा ७: घटनांची वही

सेन्सर आकडा सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून त्याच्या शेजारी एक वही लटकवा. रकाने पाचच: वेळ, काय झालं, वर्गात किती जण, खिडक्या किती उघड्या, नोंद करणाऱ्याचं नाव. दर तासाला एकाची पाळी. खिडकी उघडली, मधली सुटी झाली, पंखा लावला, कोणी सेन्सरवर फुंकर मारली (मारणारच), सगळं लिहायचं.

वहीची वेळ आणि सेन्सरची वेळ एकाच घड्याळाची हवी. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे असेल, तर खिडकी उघडल्यावर चार मिनिटं आकडा चढतच राहिला असं दिसतं आणि मुलं त्यामागे शास्त्रीय कारण शोधत बसतात.

सावध: आवाजाचा सेन्सर लावला, तर फक्त पातळीचा आकडा साठवा, ध्वनिमुद्रण नको. कार्बन डायऑक्साइडच्या रेषेवरून खोली कधी रिकामी असते हेही कळतं. चालू आकडे सगळ्या जगाला खुले ठेवू नका.

## टप्पा ८: साफसफाई, मग आलेख

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत करून तीत काम करायचं. विचित्र आकडे पुसू नका, शेजारी 'शंका' नावाचा रकाना करून खूण करा आणि वहीत कारण सापडतं का ते पाहा. फुंकरीची उडी वहीत सापडली तर वगळा. कारण सापडलं नाही तर आकडा राहतो, कितीही नकोसा असला तरी.

आता पहिल्या टप्प्यातले अंदाजाचे कागद काढा, त्याच मापाचा आलेख बनवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. अंदाज कुठे चुकला, त्यावर जी चर्चा होते ती कुठल्याही तयार डॅशबोर्डवर होत नाही. इथे पुढच्या चुका हटकून दिसतात:

आपोआप ठरणारा अक्ष. २४.१ ते २४.४ अंशांमधली हालचाल पडदाभर पसरली की डोंगर दिसतो. अक्षाची टोकं हाताने ठरवा आणि चौथ्या टप्प्यात उरलेला फरक (आपला ०.३ अंश) रेषेभोवती पट्टा म्हणून काढा. डोंगर पट्ट्यात मावला तर तो डोंगर नाही.

चुकीच्या काळाची सरासरी. सहा तास १४०० आणि अठरा तास ४५० पीपीएम असेल, तर चोवीस तासांची सरासरी सुमारे ६८८ येते. ऐकायला छान, पण त्या वर्गात ६८८ ची हवा कोणीही श्वासात घेतलेली नाही. वर्ग भरलेला असतानाचीच सरासरी काढा.

जास्त गुळगुळीत रेषा. पंधरा मिनिटांची सरकती सरासरी घेतली की पाच मिनिटं उघडलेली खिडकी रेषेतून जवळपास पुसली जाते.

तापमान आणि आर्द्रता यांचा 'शोध'. एक चढतं तेव्हा दुसरी उतरते, हे मुलांना दिसतं आणि ती कारण-परिणाम मांडतात. हवेतलं पाणी तेवढंच असतानाही २० अंशांना ६० टक्के असलेली सापेक्ष आर्द्रता २५ अंशांना सुमारे ४४ टक्के होते. हवेतून पाणी गेलेलं नसतं, टक्केवारीचा पाया बदललेला असतो.

## टप्पा ९: एक आकडा स्वतः काढणं

रेषा पाहून झाल्यावर तिच्यातून काहीतरी काढता आलं पाहिजे. सगळ्यात फळणारा प्रयोग म्हणजे वर्ग सुटल्यावर कार्बन डायऑक्साइड कसा उतरतो ते पाहणं. सगळ्यांनी बाहेर पडा, दारं-खिडक्या ठरवलेल्या स्थितीत ठेवा, हवा ढवळायला पंखा लावलाच तर तो सबंध वेळ चालू राहू द्या, आणि तासभर कोणी आत जाऊ नका.

समजा आकडे आले: सुरुवातीला १६००, ३० मिनिटांनी १०१०, ६० मिनिटांनी ७१५. मुलं १६०० चे निम्मे ८०० शोधू लागतात. तसं करायचं नाही. आधी बाहेरच्या हवेचे ४२० वजा करा: ११८०, ५९०, २९५. आता निम्मं होणं स्पष्ट दिसतं. वाढीव वायू दर अर्ध्या तासाला निम्मा होतो आहे. लहान मुलांसाठी इथे थांबा. मोठ्यांनी ०.६९३ ला (२ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमला) ०.५ तासाने भागावं: सुमारे १.४. म्हणजे खोलीच्या आकारमानाच्या १.४ पट ताजी हवा दर तासाला आत येते. एक खिडकी उघडून प्रयोग पुन्हा केला की दोन आकड्यांची थेट तुलना करता येते.

वजाबाकीनंतरचे आकडे लॉगच्या (लॉगॅरिदमच्या) अक्षावर मांडले की सरळ रेषा यायला हवी. ती मध्येच वाकली, तर कोणीतरी आत आलं होतं, दार हललं होतं किंवा वजा केलेला ४२० चुकीचा होता. वही पाहा.

## टप्पा १०: उलटतपासणी आणि फाइल बंद करणं

दोन जागांची तुलना केली असेल, तर मधल्या दिवशी त्या दोन सेन्सरांची अदलाबदल करा. फरक जागेपाशीच राहिला तर तो जागेचा. सेन्सरबरोबर दुसऱ्या खोलीत गेला तर सेन्सरचा. शेवटी सगळे पुन्हा एका टेबलावर दिवसभर ठेवा आणि चौथ्या टप्प्यातली दुरुस्ती तेवढीच आहे का ते पाहा. बदलली असेल तर किती, ते निष्कर्षात लिहा.

प्रत्येक गटाने निष्कर्ष दोन-तीन वाक्यांत लिहावा: आकडा, त्याची अनिश्चितता, कोणत्या परिस्थितीत, आणि कशाबद्दल हा डेटा काही सांगत नाही. 'खिडकी उघडल्याने हवा सुधारते' असं नको. 'एक खिडकी उघडी, खोली रिकामी, पंखा चालू असताना निम्मं होण्याची वेळ ३० वरून १२ मिनिटांवर आली; वर्ग भरलेला असताना मोजलेलं नाही' असं हवं.

मूळ फाइल, साफ केलेली फाइल, वहीच्या पानांचे फोटो, जागेचा फोटो आणि दुरुस्तीचे आकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा. सोबत अर्ध्या पानाची मजकूर-फाइल असू द्या: प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, वेळ कोणती. ते फोल्डर दुसऱ्या गटाला देऊन, काहीही न विचारता तोच आलेख काढायला सांगा. जिथे अडून ते विचारायला येतील, तिथली माहिती त्या फाइलमध्ये राहिलेली आहे.